त्रास कधीपासून

४ मार्च

भावोजी,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुम्ही दचकला असाल. ते तुमच्या दादांचं नाही, माझं आहे. त्यांचंच अक्षर गिरवून शिकले, म्हणून तसं दिसतं. तुम्हीच म्हणायचात, 'वहिनी, तुमची वाणसामानाची यादी वाचली की दादाच ओरडतोय असं वाटतं.'

पुढच्या महिन्यात त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हा निरोप पाठवला होता, तुम्ही आला नाहीत. ते उगाळायला हे पत्र नाही. काम आहे म्हणून लिहिते आहे.

ते गेले तेव्हा त्यांचा मेंदू मी इस्पितळाला दिला. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. कपाळाला आठी पडली असेल तर पडू द्या, माझ्याही पडली होती. पण शेवटी शेवटी ज्या डॉक्टर त्यांना तपासायच्या त्यांनी विचारलं, आणि मी सही केली. वाटलं, या माणसानं जन्मभर लोकांच्या लिफ्ट उघडून आत काय बिघडलंय ते पाहिलं. त्यांचं कुणी उघडून पाहिलं तर ते नाही म्हणणार नाहीत.

मागच्या आठवड्यात तिथून बोलावणं आलं. तिथे एक तरुण मुलगी संशोधन करते. जाड भिंगांचा चष्मा, केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचलेली. नाव अवघड आहे, मी मनात तिला चष्मावाली म्हणते. घरच्यांना बघायचं असेल तर ती दाखवते. मी म्हटलं, बघायचं आहे.

तिनं मला संगणकासमोर बसवलं. मेंदूची एक चकती असते, केसाहून बारीक कापलेली, काचेवर ठेवलेली. यंत्र तिच्यावर एकेका ठिपक्यावर किरण मारतं आणि तिथून जे उडतं त्याचं वजन करतं. वजनावरून कळतं की त्या ठिपक्यात कुठल्या जातीची चरबी होती. असे हजारो ठिपके झाले की प्रत्येक जातीच्या चरबीचा नकाशा तयार होतो.

मी विचारलं, 'चरबी? डोक्यात?'

'आजी, पाणी काढून टाकलं तर मेंदू निम्म्याहून जास्त चरबीच असतो.'

मला हसू आलं. दादा तुम्हाला चिडून म्हणायचे, 'तुझ्या डोक्यात चरबी गेलीय.' सगळ्यांच्याच असते म्हणायची. मग मी विचारलं, यांचा मेंदू निळा होता का. तर म्हणाली, 'नाही हो, रंग आम्ही देतो, ओळखू यावं म्हणून.'

निळं होतं ते वेष्टण. मेंदूच्या आत तारांसारखे धागे असतात, त्यांच्यावर चरबीचा थर असतो, म्हणून निरोप नीट जातो. ती लांबण लावून समजावत होती. मी म्हटलं, 'म्हणजे वायरीवरचं इन्सुलेशन.' ती माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, 'लिफ्टवाल्याची बायको आहे बाई मी.'

शेजारी एका धडधाकट माणसाचं चित्र होतं, त्यात निळा भरीव, गडद. यांच्यात मधला भाग विरलेला. जुनी चादर उजेडात धरल्यावर दिसते तसा. आणि दुसऱ्या एका चित्रात लाल ठिपकेच ठिपके. आजारात ज्या गाठी साचतात त्यांच्याभोवती वेगळीच चरबी जमा होते, ती लाल. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. शेवटी तिनं पाणी आणून दिलं.

आता काम. फॉर्मवर एक प्रश्न असतो, 'त्रास कधीपासून सुरू झाला?' ते गेले तेव्हा मी लिहून दिलं होतं, पाच वर्षांपासून. नियम असा आहे की जवळच्या आणखी एका माणसाला तेच विचारायचं. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा दुसरं माणूस तुम्हीच. तुम्हाला फोन येईल. पाच वर्षं म्हणा. तुम्ही लांब होता, जाणं-येणं नव्हतं, हे त्यांना सांगण्याची गरज नाही. पाच म्हटलं की त्यांचं काम होईल आणि तुमच्या मागचाही ससेमिरा सुटेल.

तब्येतीला जपा.

तुमची वहिनी


२६ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी चार ओळी. तरी मी त्या ओळी इतक्या वेळा वाचल्या की आता पाठ आहेत. 'दादाला त्रास कधी सुरू झाला ते मला माहीत नाही. माझ्याविरुद्ध साक्ष दिली त्या दिवशी त्याचं डोकं शाबूत होतं, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. तसंच फोनवर सांगितलं आहे. यापुढे मला यात ओढू नका.'

हो, चष्मावालीनं मला तेही सांगितलं. म्हणाली, 'तुमचे दीर म्हणतात, नऊ वर्षांपूर्वी भाऊ ठणठणीत होता. म्हणजे तुमच्या पाच वर्षांशी जुळतं.' मी म्हटलं, झालं तर मग. पण ती पेन्सिलीनं कान खाजवत बसली.

'चित्राशी जुळत नाही, आजी.'

मी मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

'चित्रावरून तारीख सांगता येत नाही, ते मी म्हणतच नाही. पण एवढं वेष्टण पाच वर्षांत गेलेलं मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. आठ-दहा वर्षं आजारी असलेल्यांचं असं दिसतं. तुम्ही पाच लिहिलंय म्हणून आजोबांना आम्ही झपाट्यानं आजार वाढलेल्यांच्या गटात ठेवलंय. त्या गटात फक्त सात जण आहेत. एकाचं चुकीचं असेल तर सगळ्या गटाबद्दल आम्ही चुकीचं बोलू. नीट आठवून सांगा ना.'

मी म्हटलं, 'पाचच. पक्कं आठवतं.'

ती 'बरं' म्हणाली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला की नाही ते चष्म्यामुळे कळलं नाही.

घरी आल्यापासून जेवण जात नाही. म्हणून तुम्हाला सांगते, पाच नव्हती. थोडं आधीपासून होतं. सहा, फार तर सात. चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा, एकच गोष्ट दोनदा सांगायचे. पण ते सगळं तुमच्या त्या प्रकरणानंतरचं. तुम्ही गेलात, त्याचा त्यांनी धसका घेतला असेल.

आणि एक बोलते, राग मानू नका. तुम्हीही कमी नव्हतात. सख्ख्या मोठ्या भावानं एकदा काही म्हटलं म्हणून माणूस गाव सोडून जातो? त्याच्या शेवटालाही येत नाही? ज्यानं तुम्हाला बोट धरून पहिल्या मशीनरूममध्ये नेलं, पान्याचे आकडे शिकवले, त्याला एकदा येऊन विचारावं असं वाटलं नाही?

हे लिहिलं आणि खोडणार होते. राहू देते. कशी आहे मी ते तुम्हाला दिसलेलं बरं.

वहिनी


९ एप्रिल

भावोजी,

मागच्या पत्रात मी पुन्हा खोटं लिहिलं. थोडं खरं मिसळलं की खोटं खपतं, हे मला फार आधीपासून येतं. आता सरळ लिहिते. वाचून पत्र फाडलंत तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचून मग फाडा.

ते जाईपर्यंत त्रास नऊ वर्षं होता. म्हणजे लिफ्ट घसरली त्याच्याही दोन वर्षं आधीपासून.

पहिला दिवस मला माहीत आहे. ते कामावरून आले आणि आपल्याच जिन्यात, पहिल्या मजल्यावर उभे राहिले. मी वरून बघत होते. घर वर आहे की खाली ते त्यांना कळेना. मी हाक मारली तर वर आले आणि म्हणाले, 'सगळे मजले सारखेच बांधतात, गाढव लेकाचे.' मीही हसले. रोज वेगळ्या इमारतीत चढणारा माणूस, होतं असं, म्हटलं. महिनाभरात तीन वेळा झालं.

मग कार्डं. तुम्हाला माहीतच आहे, प्रत्येक लिफ्टचं महिन्याचं सर्व्हिस कार्ड असायचं आणि ते महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, खिशातल्या वहीवरून एकवीस इमारतींची कार्डं भरून सोमवारी ऑफिसात द्यायचे. एका शनिवारी ते पेन धरून तासभर बसले. कार्ड कोरं. मी म्हटलं, 'द्या इकडे, तुम्ही सांगा, मी लिहिते.' पहिले काही महिने त्यांनी सांगितलं. पुढे मी वहीतून वाचून लिहायला लागले. मग वहीतच काही नसायचं. मग मी मागच्या महिन्याचं कार्ड समोर ठेवून उतरवायला लागले.

अक्षर तेच होतं. कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

तुम्हाला वाटेल मी हे भीतीपोटी केलं. भीती होती. त्यांची नोकरी संपायला तीन वर्षं राहिली होती, आणि लोक त्यांना खुळा म्हणतील या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नसायचा. पण नुसती भीती नव्हती. मला ते आवडायचं. मी दुसरीत शाळा सोडलेली बाई. त्यांची यंत्रांची पुस्तकं मी चुलीजवळ बसून एकेक अक्षर लावत वाचली होती. ब्रेक, गव्हर्नर, दोर, बफर, सगळं मला चित्रासकट पाठ होतं. ऑफिसचे साहेब यांना म्हणाले, 'तुमची कार्डं हल्ली फार टापटीप असतात,' तेव्हा मी आठवडाभर गुणगुणत फिरत होते. ही लाज मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही.

आता तो गुरुवार. तुम्ही दोघं कामावरून आलात. तुम्ही चहाचा कप हातात घेऊन दाराशीच उभे होता, बूट काढायचा कंटाळा म्हणून. म्हणालात, 'दादा, त्या शाळेमागच्या इमारतीच्या ब्रेकचे लायनर पार झिजलेत. याच महिन्यात बदलायला हवेत. कार्डावर लिही.'

हे म्हणाले, 'लिहितो रे, मला नको शिकवू.'

तुम्ही माझ्याकडे वळून हसलात. 'वहिनी, तुम्हीच आठवण करा त्याला. हल्ली ऐकतच नाही कुणाचं.'

मी मान डोलावली. बघा, तुम्ही मला सांगितलं होतं. मलाच सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी ते घराबाहेर पडले आणि सापडेनात. मी अकरापासून दोनपर्यंत शोधत हिंडले. ते बस डेपोत बाकावर बसलेले, मांडीवर हत्यारांची पिशवी, कुठल्या तरी लिफ्टची वाट बघत. घरी आणून जेवायला घातलं, झोपवलं, आणि कार्डं घेतली. एकवीसच्या एकवीस मागच्या महिन्यावरून उतरवली. 'ब्रेक ठीक.' मागच्या महिन्यात त्या इमारतीचा ब्रेक तुम्ही पाहिला होता, म्हणून 'तपासणारा' या रकान्यात तुमचं नाव होतं. तेही उतरवलं.

सोमवारी कार्डं गेली. आणि सोमवारीच, कपडे वाळत घालताना, मला आठवलं. लायनर. मी ओला शर्ट हातात घेऊन उभी राहिले. ऑफिसला एक फोन करायचा होता. तुम्हाला केला असता तरी भागलं असतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, दादानं का नाही लिहिलं? मी शर्ट वाळत घातला. लायनर काही आठवड्यांत संपत नाहीत, असं पुस्तकात आहे, पुढच्या महिन्याच्या कार्डावर लिहीन, असं स्वतःला सांगितलं.

पुढचा महिना आलाच नाही. बाराव्या दिवशी लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि त्या शिक्षिकाबाई बाहेर पाऊल टाकत असताना खाली घसरली.

चौकशीला मी यांच्याबरोबर आले होते ते त्यांचा गुडघा दुखतो म्हणून नव्हे. एकटे परत येऊ शकणार नाहीत म्हणून. आत काय झालं ते मला यांच्याकडून कधीच नीट कळलं नाही, तुम्ही बाहेर येऊन बोललात त्यावरून कळलं. साहेबांनी त्यांना विचारलं, लायनरचं धाकट्यानं सांगितलं होतं का. ते म्हणाले, नाही. कार्डावरचं अक्षर तुमचंच का. ते म्हणाले, माझंच. दोन्ही वेळा ते खोटं बोलले नाहीत, भावोजी. गुरुवार त्यांच्याजवळ उरलाच नव्हता. आणि अक्षर त्यांचंच दिसत होतं.

तुम्ही बाहेर आलात, मी बाकावर बसले होते. तुमचा चेहरा पांढराफटक. म्हणालात, 'वहिनी, तुम्ही तरी सांगा आत येऊन. गुरुवारी घरी चहा पिताना मी बोललो नव्हतो का लायनरचं?'

मी म्हणाले, 'मला यंत्रातलं काय कळतं, भावोजी.'

तुम्ही खाली वाकून बुटाची नाडी बांधलीत, ती सुटलेली नव्हती. मग निघून गेलात. तुमचा परवाना गेला, मग तुम्ही गेलात.

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं याचा मी नऊ वर्षं विचार करते आहे. जे मला कळतं म्हणून मी मनातल्या मनात मिरवायचे, तेच कळत नाही म्हणाले. बायका असं म्हणतातच, आणि लोक ऐकूनही घेतात, हे मला ठाऊक होतं.

वर्षभरानं ते घरी बसले, आणि आणखी वर्ष गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदा डॉक्टरकडे नेलं. 'कधीपासून?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'आत्ताच, महिना-दोन महिने.' तिथून ती पाच वर्षं मोजली गेली. ते गेल्यावर फॉर्मवरही तीच लिहिली. नऊ लिहिलं असतं तर तुमच्या चौकशीच्या दिवशी ते आजारी होते हे कागदावर आलं असतं.

आणखी एकच. ते तुम्हाला शेवटपर्यंत विचारत होते. रोज दिवेलागणीला म्हणायचे, 'कडी नको लावू, धाकटा किल्ली विसरतो.' मी म्हणायचे, 'कामावर गेलाय, येईल.' त्यांच्या लेखी तुम्ही कधी गेलाच नव्हतात. हे तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर तुम्ही आला असतात, आणि पाच मिनिटांत सगळं ओळखलं असतंत. म्हणून नाही कळवलं.

तुम्ही नऊ वर्षं चुकीच्या माणसावर रागावलात. त्यांच्यावरचा राग काढून घ्या. तो माझा आहे.

क्षमा मागत नाही. मागितली की तुम्हाला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, तेवढंही ओझं नको.

वहिनी


२ मे

भावोजी,

तुमचं उत्तर आलं नाही, येऊ नये हेच ठीक. सोबत दोन कागद आहेत, ते जपून ठेवा, म्हणून लिहिते.

पहिला इस्पितळाचा. मी जाऊन चष्मावालीला सांगितलं, पाच नव्हे, नऊ. तिनं विचारलं, 'आजी, इतका फरक कसा?' मी सांगितलं. सगळं. शेवटी ती म्हणाली, 'मला चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागेल.' रागानं नाही, पण गोडही नाही. मी म्हटलं, 'करावं लागेल, बाई.' तिनं जुना फॉर्म टाकला नाही. पाचवर एक रेघ मारली, वर नऊ लिहिलं, शेजारी माझी सही आणि तारीख घेतली. म्हणाली, चूकही दिसत राहिली पाहिजे, असा नियम आहे.

दुसरा कागद लिफ्ट तपासणी कार्यालयाचा. तिथला कारकून हसला.

'आजी, ही फाईल केव्हाच बंद झालीय.'

'उघडा.'

'बंद फाईल उघडायला वेगळा अर्ज लागतो.'

'तोही आणलाय.'

त्यानं वाचायला घेतला आणि हसणं थांबलं. 'हे तुम्हाला कुणी लिहून दिलं?'

'माझं मीच लिहिलं. ते अक्षर बघा, आणि फाईलमधल्या कार्डावरचं बघा.'

तो उठून आत गेला. बऱ्याच वेळानं फाईल घेऊन आला, दोन्ही कागद शेजारी ठेवले, आणि मला बसायला खुर्ची दिली. तुमचा परवाना परत मिळेल का, मी विचारलं. त्याला सांगता आलं नाही. माझ्यावर काय होईल तेही सांगता आलं नाही, या वयाच्या बाईवर आता काय करणार, असं काहीसं पुटपुटला. मला ते आवडलं नाही. पण अर्ज घेतला, शिक्का मारला. ती ही प्रत.

तिथून मी शाळेमागच्या इमारतीत गेले. लिफ्ट नवी बसवली आहे. मी जिन्यानं चढले. शिक्षिकाबाई अजून चौथ्याच मजल्यावर आहेत, काठी घेऊन चालतात. त्यांनी दारातच ऐकून घेतलं, आत या म्हणाल्या नाहीत. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, 'तो धाकटा मुलगा माझी माफी मागायला इस्पितळात आला होता. फळं घेऊन. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, तो उठून जाईपर्यंत.'

तुम्ही गेला होतात हे मला माहीत नव्हतं.

'त्याचा पत्ता आहे का?' त्यांनी विचारलं. मी दिला. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण दिला. त्यांनी लिहिलं तर उघडा. आणि त्यांनी दार लावून घेतलं, ते योग्यच केलं.

वहिनी


३० मे

भावोजी,

हे शेवटचं, छोटं.

काल चष्मावालीचा फोन आला, दुरुस्त केलेल्या फॉर्मवर आणखी एक सही राहिली होती म्हणून. बोलता बोलता म्हणाली, 'मंगळवारी तुमचे दीर येऊन गेले की. तुम्हाला भेटले असतीलच.' मी म्हटलं, हो.

सही करायला आज गेले तेव्हा तिनं आणखी सांगितलं. तुम्ही दीड तास बसलात. धडधाकट माणसाचं चित्र काढून टाकायला लावलंत, नुसतं दादांचं ठेवा म्हणालात. मग विचारलंत, एखादा विशिष्ट दिवस पुसला गेला असेल तर तो यात कुठे दिसेल. ती म्हणाली, तसा दिसत नाही, आम्हाला फक्त वेष्टण कुठे विरलंय तेवढं कळतं. तुम्ही म्हणालात, पुरे आहे. जाताना पडद्याला हात लावू का विचारलंत. तिनं लावू दिला, एरवी कुणाला देत नाही म्हणे, डाग पडतात.

माझ्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, काही सांगितलं नाहीत.

इस्पितळापासून घर चालत बारा मिनिटांवर आहे. मंगळवारी मी दिवसभर घरीच होते. तक्रार नाही. तुम्ही ज्यांना भेटायला आला होतात त्यांना भेटलात.

त्या विभागात शिरताना दारावर वही ठेवलेली असते. फारसं कुणी जात नाही तिकडे, त्यामुळे मंगळवारची तुमची ओळच शेवटची होती. नाव, वेळ, कोणासाठी, आणि शेवटचा रकाना, नातं. चौकशीच्या कागदांवर तुम्ही तो रकाना कोरा ठेवला होतात, ते त्या दिवशी फाईलमध्ये पाहिलं. नव्या गावात तुम्ही 'मला भाऊ नाही' असं सांगता, हेही कानावर आलं होतं. इथे तुम्ही लिहिलंत, 'सख्खा धाकटा भाऊ.' पेन दाबून, पुढच्या पानावर उठेल इतकं.

रखवालदार म्हणाला, 'आजी, वाचत काय बसलात, लिहा ना.'

मी लिहिलं. दोन ओळी सोडून खाली लिहिलं, तुमच्या ओळीला लागून नको म्हणून.

वहिनी